मरीचं विरजण

माझ्या आईला गावात कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे ‘अध्यक्षबाई’ म्हणतात. महिला मंडळाचं अध्यक्षपद तिच्याकडे इतकी वर्षं आहे, की त्याची निवडणूक घ्यायची असते हेच बायका विसरून गेल्या आहेत. आमचं गाव सेलू तालुक्यातलं. जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे दारू घ्यायला कुठे जावं लागत नाही, ती सायकलवरून दारात येते. आईचं अर्धं आयुष्य या सायकलींच्या मागे धावण्यात गेलं. बायकांना घेऊन तिनं नाल्याकाठच्या मोहाच्या भट्ट्या मोडल्या, मडकी फोडली, आणि भट्टीवाल्याला दंडाला धरून मारुतीच्या पारापर्यंत आणलं. सगळ्या गावासमोर. लहानपणी मी त्या घोळक्यात सगळ्यांच्या पुढे असायची. अध्यक्षबाईची पोरगी म्हणून माझीही मान ताठ असायची आणि लग्न होऊन वर्ध्याला गेल्यावरही ती पुरती खाली आली नव्हती. गेल्या दिवाळीत आली.

मी वर्ध्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शिकवायची खोड वाईट. कोणी नुसतं ‘काय चाललंय’ विचारलं तरी मी फळा शोधते. गेल्या पावसाळ्यात आईनं मला मंडळाच्या बैठकीला बोलावलं. विषय होता गांजा. गावातल्या पोरांना आता मोहाची दारू जुनाट वाटते, तोंडाला वास येतो म्हणे. गांजाची पुडी खिशात मावते. “तू सायन्सच्या बाजूनं सांग काही,” आई म्हणाली. मला तेवढंच हवं होतं.

मी सुरुवात मरीपासून केली, कारण ती तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होती. उभी हिरवीगार तूर एक दिवस माना टाकते, पाणी दिलं तरी उचलत नाही, बुंधा चिरून पाहिला तर आत काळी रेघ दिसते. तिला आमच्याकडे ‘मर लागली’ म्हणतात. ती जमिनीतली बुरशी असते. तुरीची वेगळी, हरभऱ्याची वेगळी, हे सांगून मी पुढे गेले. गांजाचीही अशीच एक मर असते, कोकेन ज्यातून निघतं त्या कोकाची असते, अफूची असते. आणि मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. मोठमोठ्या सरकारांच्या मनात आलं होतं, की ही बुरशी कारखान्यात वाढवून विमानानं शेतांवर सोडायची. नशेचं पीक तेवढं मरेल, माणसाला हात लावायला नको. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाली, “माय वं, मंग आपल्याकडे काऊन नाई सोडत?”

त्याच्यापुढे खरं सांगायचं होतं. लोकांनी या कल्पनेला का विरोध केला, बुरशीला एकदा मातीत सोडलं की ती परत बोलावता येत नाही, पिकाचं नाव वाचून ती मुळात शिरत नाही, आज एकाला धरते ती उद्या रूप पालटून दुसऱ्याला धरणार नाही याची हमी कोणी देत नाही. ते सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. पण तेवढ्यात चहा-पोहे आले. बायका उठल्या, गोष्ट अर्धी राहिली आणि टाळ्या तर आधीच मिळाल्या होत्या. मीही प्लेट घेतली.

दिवाळीत भाऊबीजेला मी गावी गेले. भाऊ माझ्याहून लहान. शेती तोच बघतो, म्हणजे आई बघते आणि तो जामच्या चौरस्त्यावर असतो. तिथे ट्रक थांबतात, ढाबे आहेत, माणसांची ये-जा आहे. तो सोयाबीनच्या खरेदीत मध्यस्थी करतो असं आम्हाला सांगायचा आणि आम्ही ते इतरांना सांगायचो. मी त्याला ओवाळलं. त्यानं ताटात पैठणीसारखी दिसणारी भारी साडी ठेवली. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मी ती तिथल्या तिथे आतल्या खोलीत जाऊन नेसले आणि आईला दाखवायला बाहेर आले. आईनं साडीकडे पाहिलंसुद्धा नाही. “चाल, वावरात जाऊन येऊ,” म्हणाली. मी म्हटलं, एवढी भारी साडी नेसून शेतात? ती म्हणाली, “चाल म्हणते ना.”

आमचं वावर नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. खालच्या अंगाला शेजारच्या काकूंचं. काकू आईच्याच वयाच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी देवळीला दिलेली, शेत एकट्या करतात. आमच्या तुरीला सोडलेलं पाणी, जास्त झालं की फुटक्या बांधातून त्यांच्या पट्टीत उतरतं. त्यावरून आई आणि काकूंची दर वर्षी कुरकुर व्हायची आणि दर वर्षी मिटायची.

आई मला तुरीच्या आत घेऊन गेली. डोक्याएवढ्या तुरीच्या मधोमध, बाहेरून कोणाला दिसणार नाही अशा बेतानं, गांजाची झाडं उभी होती. चांगली पोसलेली, शेंड्याला चिकट फुलोरा आलेला. मी वर्गात चित्र काढून दाखवते तीच करवती पानं. वासानंच मला कळलं.

“तुया भावाचं काम आहे,” आई म्हणाली.

मी विचारलं, त्याला ठाऊक आहे का की तुला दिसलं म्हणून?

“नाई.”

“मग उपटून का नाही टाकलीस?”

“उपटली तर त्याले समजन ना मी उपटली म्हणून. मंग तो मले तोंड दाखवन का? अन् गावात गेलं तर? मी भट्ट्या फोडते लोकायच्या.” तिनं एका झाडाचा शेंडा वाकवून पाहिला. “मले वाटलं, त्यायच्यावर रोग पडावा. आपोआप मरावी. मंग कोणीच काई केलं नाई, असं होते.”

आणि मग तिनं मला ड्रम दाखवला. निळा प्लॅस्टिकचा ड्रम, बांधाच्या आडोशाला, वर ओलं पोतं. आई जीवामृत करते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती, आठवडाभर रोज काठीनं ढवळायचं आणि पिकाला सोडायचं. मातीतले जीव गुळावर वाढतात हे तिला पाठ आहे, ते शिकवायला माझी गरज नव्हती. या वेळी तिनं बांधावरची माती टाकली नव्हती. गांजाचं एक झाड कोपऱ्यात आपणहून वाळलं होतं. ते तिनं मुळासकट काढलं, बुंधा चिरून काळी रेघ पाहिली, ठेचलं आणि त्याच्या मुळाच्या मातीसकट ड्रममध्ये घातलं.

“विरजण लावलं,” ती म्हणाली. “तूच सांगितलं होतं ना, गांजाची मर असते म्हणून.”

हे ऐकून मी आधी चिडले. असं कोणी करतं का, विचारायचं तरी, मी काय मेले होते का, असं सगळं बोलून घेतलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गांजाची मर गांजाले लागन, तुरीची तुरीले. तूच म्हणे.” अर्धं खरं होतं, आणि ते अर्धं माझंच होतं. दह्याच्या विरजणात दहीच असतं हे आईला माहीत. पण त्या वाळलेल्या झाडाच्या मुळाशी काय होतं हे कोणाला माहीत? तुरीच्याच मातीत उभं असलेलं झाड ते. त्याला गांजाच्या बुरशीनं मारलं, की तुरीच्या मुळाशी असलेल्या दुसऱ्याच कशानं, की नुसत्या पाण्यानं, हे मला ते मूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही छातीठोक सांगता आलं नसतं. आणि गूळ-बेसन काही निवड करत नाही. आत जे जे असेल ते सगळंच वाढतं.

“ओतलं का?” मी विचारलं.

“अर्धा ड्रम, पाण्यासंगं. पंधरा-वीस दिवस झाले.”

गांजा ताजातवाना उभा होता. त्याच्या आजूबाजूच्या तुरीच्या चार-सहा झाडांनी मात्र माना टाकल्या होत्या. मी त्यातलं एक उपटलं आणि नखानं साल काढली. रेघ होती. ही मर आईच्या ड्रममधून आली का? आमच्या मातीत ती आधीपासून असू शकते, दर वर्षी थोडीफार असतेच. सिद्ध काहीच करता येणार नाही. कॉलेजात हे वाक्य मी मुलांना शिकवते, विज्ञानाचा प्रामाणिकपणा म्हणून. त्या बांधावर ते पळवाटेसारखं वाटलं.

मग मी पाणी कुठे गेलं ते पाहिलं. सरीतून बांधाला, बांधाच्या फुटक्या जागेतून काकूंच्या पट्टीत. आमच्या तुरीत सांडलेलं पाणी त्यांच्या वखरलेल्या काळ्या मातीत मुरून, वाळून, वर पांढरट पापुद्रा धरून बसलं होतं. सोयाबीन काढून काकूंनी ती जमीन हरभऱ्याला तयार केली होती.

“कधी पेरणार त्या?”

“परवा म्हणत होती.”

हरभऱ्याला मर लवकर लागते, आणि लागली तर जमिनीत ती वर्षानुवर्षं राहते. त्या पट्टीवर काकूंचं घर चालतं. आमच्याकडे याच्या वर आणखी एक वावर आहे, माझी नोकरी आहे. काकूंकडे ती पट्टी आहे. मी म्हटलं, त्यांना आजच सांगायला हवं.

“काय सांगशीन?” आई म्हणाली. “इथी मर ओतली म्हणून सांगशीन. मंग ते इचारन, काऊन ओतली, कोणाले माराले ओतली. मंग?”

इथेच सगळी गाठ होती. ड्रमबद्दल सांगायचं तर गांजाबद्दल सांगावं लागत होतं. मी पर्याय शोधू लागले, आणि ते फार भराभर सुचत होते याची मला आता शरम वाटते. तुमच्या पट्टीत मर दिसते, असं म्हणू. कॉलेजात माती तपासली म्हणू. यंदा हरभऱ्याला भाव पडणार म्हणू. आई प्रत्येकाला मान हलवत होती. तिला ते सगळे पटत होते. शिकलेली बाई आणि अध्यक्षबाई, दोघी मिळून एका एकट्या बाईला कसं फसवायचं ते ठरवत होतो, आणि माझ्या अंगावर दिवाळीची साडी होती.

आधी झाडं काढू, असं ठरलं. ते सोपं होतं. मी पोलिसांना फोन करू का असं विचारलं. आई म्हणाली, “करशीन तर तूच कर.” मी फोन बाहेर काढला आणि परत ठेवला. आम्ही दोघींनी झाडं मुळासकट उपटली, माना टाकलेल्या तुरीही उपटल्या, ड्रममधलं उरलेलं उकळून मारायचं म्हणून झाकून ठेवलं. नाल्याच्या खोलगट जागी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून सगळ्याला आग लावली. वास असा उठला की आईनं पदर नाकाला लावला आणि वारा गावाकडे आहे की उलटा ते बघत राहिली. ज्या नाल्याच्या काठानं तिनं भट्ट्या फोडल्या, तिथेच ती धूर कोणाला दिसू नये म्हणून ओल्या मातीनं दाबत होती. मला तिच्याकडे बघवेना.

तिन्हीसांजेला भाऊ वावराकडून घरी आला. त्याला दिसलं होतं. ओरडला नाही. पाट ओढून बसला आणि जेवायला नको म्हणाला. मीच बोलायला लागले. आईच्या नावाला काळं फासलंस, तिच्याच वावरात, लाज कशी नाही वाटली, असं बरंच. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “ताई, साडी तं नेसली ना दिवसभर.” आई चुलीकडे तोंड करून बसली होती. मी आत जाऊन साडी बदलली, घडी घातली आणि कुठे ठेवावी ते न कळून तशीच पलंगावर टाकली. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो जामला गेला. अजून तिकडेच आहे. फोन केला की उचलतो, जेवलो म्हणतो.

सकाळी चहा झाल्यावर आई उठली आणि चपला घालू लागली. मी म्हटलं, काय सांगायचं ते एकदा ठरवून घेऊ. ती म्हणाली, “ठरवाचं काय आता? जसं आहे तसं.” रात्रीतून तिचं काय बदललं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी तिच्या मागून निघाले, आणि रस्ताभर मनात म्हणत होते की काकू घरी नसाव्यात.

काकू पट्टीतच होत्या, बांधावर बियाण्याचं पोतं टेकवून. आईनं उभ्या उभ्या सांगितलं. पोरानं गांजा लावला होता. माझ्या डोळ्यांना दिसला. तो मारायला मी मर ओतली. पाणी तुमच्या पट्टीत आलं. एकेक वाक्य तोडून, मंडळाच्या बैठकीत ठराव वाचावा तसं. काकूंनी मधे एकदाही ‘काय’ म्हटलं नाही. गांजा ऐकूनही नाही. आईला ते खटकलं असावं. ती थांबली आणि म्हणाली, “तुमाले ठाऊक होतं?”

“श्रावणातच पाह्यला,” काकू म्हणाल्या. “गवत काहाडाले गेलती तं.”

“मंग मले काऊन नाई सांगितलं?”

काकू थोड्या गोंधळल्या. “मले वाटलं तुमाले ठाऊक आहे. साऱ्या गावालेच तसं वाटते, अध्यक्षबाई. घरच्या वावरात हाय, तं घरच्या बाईले मालूम नसन का?”

आई तिथेच बांधावर बसली. श्रावणापासून बैठकीत जिथे जिथे ती गांजावर बोलली, पोस्टर लावली, शाळेत जाऊन पोरांना शपथ दिली, तिथे तिथे बायका गप्प बसून ऐकत होत्या. माझ्या भाषणाला टाळ्या वाजवल्या त्याही त्याच बायका.

“सांगाचं होतं वं बाई एकदा,” आई म्हणाली.

“कसं सांगू? माया मालकाले तुमी पारावर उभं केलं होतं, तवा माई पोरगी गर्दीत होती. चूक नवती तुमची, भट्टी होतीच त्यायची. पण मले कोणाच्या घरी तसं करनं नाई जमत.”

त्या दिवशी घोळक्याच्या पुढे मी होते. मला ती दुपार नीट आठवते, फक्त काकूंची पोरगी कुठे उभी होती ते आठवत नाही.

मग काकू माझ्याकडे वळल्या. “तू सांग पोरी. पेरू का नको?”

“हरभरा नका पेरू. तूरही नको त्या पट्टीत.”

“किती वर्सं?”

“सांगता येत नाही, काकू. कदाचित काही झालंच नसेल. कदाचित चार-पाच वर्षं.”

“मंग काय पेरू?”

ज्वारी म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. नाल्याकाठी ज्वारी रानडुकरं ठेवत नाहीत हे मलाही कळतं. मी गहू म्हटलं. गव्हाला पाणी लागतं आणि काकूंची विहीर पौषातच तळ दाखवते, हेही मला कळत होतं. त्यांनी पोत्याचं तोंड परत बांधलं. आई म्हणाली, आमच्या विहिरीचं पाणी घ्या, नुकसान मी भरून देते, मंडळात मी उभी राहून सगळं सांगते. काकूंनी हात वर केला.

“मंडळात काई बोलू नका. ठाऊक असनं येगळं, चारचौघीत बोलनं येगळं. पोरगा तुमचा एकच आहे. हरभरा काऊन नाई पेरला म्हणून कोणी इचारलं, तं बिजवाई नाई भेटली म्हणून सांगीन मी.”

आई बियाण्याच्या त्या भरल्या पोत्याकडे बघत राहिली. मीच बोलायला हवं होतं. नाही काकू, तुम्ही आमच्यासाठी खोटं बोलायचं नाही, एवढं साधं वाक्य. पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. भावाचा गांजा, आईचा ड्रम, सगळ्याची लाज मला वाटली, पण इतकी कशाचीच नाही जितकी त्या हायसं वाटण्याची वाटते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गावी होते. आमच्याच घरी बायका बसल्या होत्या. आमच्या विहिरीचं पाणी काकूंनी घेतलं नव्हतं, गहू गुडघ्याएवढाच राहिला होता आणि तो रस्त्यावरून सगळ्यांना दिसायचा. एका बाईनं त्यांना विचारलं, दर साल हरभरा घेता, यंदा गव्हाचं काय सुचलं? काकूंच्या हातात तिळगुळाची वाटी होती. “बिजवाईच नाई भेटली वं बाई,” त्या म्हणाल्या. मी अगदी शेजारी होते, आई समोर कुंकू लावत होती. काकूंनी आमच्यापैकी कोणाकडेही पाहिलं नाही. ती बाई म्हणाली, असं कसं, सेलूच्या दुकानात तर बियाण्याच्या पोत्यांची थप्पी होती, तुम्हीच वेळेवर गेला नसाल, तुमचं कामच असं ढिलं. बायका हसल्या. काकूही हसल्या आणि म्हणाल्या, “हो ना, माईच चूक.”